पायावरचा डाग आणि बारा तासांची गोळी



औषधाच्या खोक्यात घडी घातलेला एक पातळ कागद असतो. मुंगीएवढ्या अक्षरांत, इंग्रजीत छापलेला. बहुतेक घरांत तो खोके उघडल्याबरोबर केरात जातो. पण ज्या घरात किडनी बदललेला माणूस आहे, तिथे तो कधी ना कधी उलगडला जातो, आणि घरातले शाळकरी मूल तो घेऊन आमच्याकडे येते. ‘मॅडम, अब्बांच्या गोळ्यांच्या कागदावर कॅन्सर लिहिलंय. अम्मीने विचारायला सांगितलं.’ तुमसरसारख्या गावात मास्तर-मास्तरणीला इंग्रजी वाचता येते, एवढ्यावर लोक आम्हाला अर्धे डॉक्टर समजतात. आम्ही डॉक्टर नाही. पण प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागला, तेव्हा जाणकारांना विचारून आणि वाचून जे समजले ते या महिन्यात मांडत आहोत.

आधी उत्तर. होय, कागदावरचे खरे आहे. किडनी बदलल्यावर ज्या गोळ्या घ्याव्या लागतात, म्हणजे टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन, मायकोफेनोलेट, अझाथायोप्रिन वगैरे, त्यांच्यामुळे काही प्रकारचे कर्करोग होण्याची शक्यता वाढते. त्यात शरीराच्या मऊ भागांचे, म्हणजे स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या यांचे काही फार विरळ कर्करोगही आहेत. अशा कर्करोगांना सार्कोमा म्हणतात. आणि हेही तितकेच खरे की त्या भीतीने जो गोळ्या सोडतो, त्याची किडनी बहुधा जाते.

आमचा तालुका धानाचा. पाऊस लागला की पऱ्हे टाकायचे, ते हातभर झाले की उपटून दुसऱ्या बांधीत रोवायचे. पऱ्हे कोणाच्या वाडीतले, हे बांधी विचारत नाही. माणसाचे शरीर मात्र विचारते. आईची किडनी मुलाला लावा, बायकोची नवऱ्याला लावा, रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिला परकी ठरवतात आणि मारायला उठतात. १९५४ साली अमेरिकेत बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी किडनीचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले, ते हुबेहूब जुळ्या भावांत. शरीराला दोघांतला फरकच कळला नाही, म्हणून ते जमले. पण जुळा भाऊ कितीजणांना असतो? बाकीच्यांसाठी त्या पांढऱ्या पेशींचा हात धरून ठेवणारे औषध हवे होते. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्स यांच्या प्रयोगशाळेतून अझाथायोप्रिन आले. पुढे नॉर्वेतल्या मातीच्या बुरशीतून सायक्लोस्पोरिन निघाले आणि १९८३ मध्ये त्याला अमेरिकेत परवानगी मिळाली. आपल्याकडे मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९६५ मध्ये किडनी लावण्याचा पहिला प्रयत्न झाला, आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९७१ मध्ये तो यशस्वी झाला. आज तुमसर रोडला गाडी धरून दोन तासांच्या आत-बाहेर नागपुरात उतरले की हेच काम होते.

म्हणजे किडनी लावणे हे सर्जनचे काम, पण ती टिकवणे हे गोळीचे. आणि ही गोळी एकदा-दोनदा घ्यायची नाही. किडनी चालते आहे तोवर रोज घ्यायची.

आता या गोळीने कर्करोग का व्हावा? पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे चौकीदार. परक्याला अडवणे हे त्यांचे एक काम, आणि घरातलाच कोणी बिघडला तर त्याला वेळीच पकडणे हे दुसरे. शरीरात पेशी सतत तयार होतात, काही बिघडतात, आणि चौकीदार त्यांना गुपचूप संपवतात. आपल्याला कळतही नाही. तसेच काही विषाणू लहानपणी शरीरात शिरतात आणि जन्मभर कोपऱ्यात निजून राहतात, कारण चौकीदार जागा असतो. गोळीने आपण चौकीदाराला अर्धवट गुंगी देतो. नव्या किडनीवर त्याने धावून जाऊ नये म्हणून देतो, पण गुंगी त्याच्या सगळ्याच कामाला येते. मग निजलेला विषाणू उठतो.

कापोसी सार्कोमाची गोष्ट नेमकी हीच आहे. व्हिएन्नाचे त्वचारोगतज्ज्ञ मोरित्झ कापोसी यांनी १८७२ मध्ये त्याचे वर्णन लिहिले. त्यांचे मूळ आडनाव कोन. हंगेरीतल्या कापोशवार गावचे म्हणून त्यांनी गावावरून आडनाव घेतले. कोकणातल्या आपल्या मुसलमान घरांत चिपळूणकर असतात ना, तसेच. त्यांनी पाहिलेले रोगी वयस्क पुरुष होते, पायांवर जांभळे-काळसर डाग आलेले. हा आजार होतो कशामुळे, हे त्यानंतर सव्वाशे वर्षे कोणाला नीट कळले नाही. १९९४ मध्ये युआन चांग आणि पॅट्रिक मूर या पती-पत्नी शास्त्रज्ञांनी त्यामागचा विषाणू शोधून काढला. नागिणीच्या विषाणूच्या कुटुंबातला हा आठवा भाऊ. तो रोग्याच्या अंगात आधीपासून असू शकतो, क्वचित दुसऱ्याच्या किडनीसोबतही येऊ शकतो. चौकीदार शुद्धीवर असेल तर तो सहसा काहीही करत नाही.

याहूनही विरळ एक प्रकार आहे, आतल्या अवयवांच्या स्नायूंचा सार्कोमा. त्यामागे दुसराच विषाणू असतो, एपस्टाइन-बार नावाचा, जो जगातल्या बहुतेक माणसांच्या अंगात असतोच. यकृत बदललेल्या मुलांत असे गाठीचे रोगी सापडल्याची नोंद १९९५ मध्ये एका मोठ्या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आली. तो इतका विरळ आहे की इथे एवढ्यावरच थांबतो.

किती विरळ, हा प्रश्न मात्र सोडता येत नाही. ‘साठपट धोका’ असे वाक्य मोबाईलवर फिरते आणि माणसाचा धीर सुटतो. हा आकडा खोटा नाही. अमेरिकेत अवयव बदललेल्या पावणेदोन लाख माणसांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि २०११ मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या. सगळे कर्करोग मिळून धोका दुपटीहून थोडा जास्त निघाला, आणि कापोसी सार्कोमाचा ६१ पट. पण पट कशाची, हे आधी विचारायचे असते. आम्ही सातवीच्या वर्गात हे गणित असे घालतो. समजा एखादा आजार लाखात एकाला होतो. तो ६१ पट झाला तर लाखात ६१ जणांना होईल. उरलेल्या ९९,९३९ जणांना होणार नाही. दोन्ही आकडे खरे, पण घाबरवायचे असेल तर माणूस पहिला सांगतो.

हा आजार सगळीकडे सारखाही नाही. ज्या मुलखात तो विषाणू लोकांच्या अंगात जास्त आहे, तिथे आजारही जास्त. भूमध्य समुद्राकाठचे देश, अरबस्तान, आफ्रिकेचा बराच भाग. १९८८ मध्ये सौदी अरबच्या डॉक्टरांनी लिहिले होते की त्यांच्याकडे किडनी बदललेल्या २६३ रोग्यांपैकी १४ जणांना कापोसी सार्कोमा झाला. म्हणजे शंभरात पाच. तिथे प्रत्यारोपणानंतरचा तोच सर्वांत नेहमीचा कर्करोग होता. भारतात हा विषाणू कमी, आणि आजार फार विरळ. ज्यांच्या घरातले कोणी वर्षानुवर्षे जेद्दाह-रियाधला राहून आले आहे, किंवा ज्याची किडनी तिकडेच बदलली आहे, त्याने नागपूरच्या डॉक्टरांना हे आपणहून सांगावे. डॉक्टर सहसा विचारत नाहीत.

विरळ असण्याचा एक तोटाही आहे. जो आजार लहान गावातल्या डॉक्टरने आयुष्यात एकदाही पाहिलेला नाही, तो समोर आला तरी ओळखू कसा येणार? डाग दिसतो, पण नाव दुसरेच लागते.

डाग कसा असतो ते सांगतो. बहुतेक वेळा तो पायावर येतो. तळपाय, घोटा, पोटरी, मांडी. कधी तोंडात, टाळूवर किंवा हिरडीवर. गोऱ्या कातडीवर तो जांभळा-तांबडा दिसतो, पुस्तकांतली आणि मोबाईलवरची चित्रे तशीच असतात. आपल्या सावळ्या कातडीवर तो तपकिरी, काळा, जुन्या माराच्या वळासारखा दिसतो. आधी सपाट, मग हळूहळू जाडसर, गाठीसारखा. बहुधा तो खाजत नाही, दुखत नाही, म्हणून कोणी लक्ष देत नाही. माराचा वण आठ-पंधरा दिवसांत पिवळा पडून जातो, हा जात नाही, उलट एकाचे दोन होतात. कधी एकच पाय सुजतो. प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत याकडे जास्त लक्ष हवे, पण नंतरही तो येऊ शकतो.

आता आमच्याकडचे चित्र पाहा. रोवणीचे दिवस, चिखलात गुडघाभर उभे राहायचे, पायाला चिखल्या झालेल्याच असतात. डाग दिसला तर ‘चिखल्याच असतील’ म्हणून तेल-हळद. नाहीतर ‘गजकर्ण दिसतंय’ म्हणून औषधाच्या दुकानातून मलम. त्या मलमात बरेचदा स्टिरॉइड असते. त्याने बरे न वाटले तर बुरशीची गोळी, फ्लुकोनाझोल किंवा इट्राकोनाझोल. दुकानदाराला बिचाऱ्याला माहीत नसते की गिऱ्हाईक टॅक्रोलिमस घेते. या बुरशीच्या गोळ्यांमुळे यकृत टॅक्रोलिमस संपवू शकत नाही आणि रक्तातली त्याची मात्रा भलतीच चढते. चढलेली मात्रा किडनीलाच विष होते, आणि चौकीदार आणखी गाढ झोपतो. म्हणजे ज्या डागासाठी गोळी घेतली, तो डाग जर खरोखर कापोसीचा असेल तर त्याला मोकळे रान. किडनी बदललेल्या माणसाने डोकेदुखीची गोळीसुद्धा दुकानातून परस्पर घेऊ नये, ही सूचना डॉक्टर उगीच देत नाहीत. हकीमसाहेबांचा कुश्ता आणि गावठी पुड्यांचेही तेच. त्यात काय आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते, आणि भोगते किडनी.

दुसरी अडचण आपल्या घरांची खास. मांडीवर किंवा कमरेखाली डाग आला तर बाई तो पुरुष डॉक्टरला दाखवत नाही. घरातही सांगत नाही. बायकाच कशाला, पुरुषही लुंगी वर करायला लाजतात, ‘इतनी सी बात’ म्हणून टाळतात. हयेचा मान आम्हालाही आहे. पण इलाजासाठी जेवढे उघडे करणे जरूर तेवढे उघडे करण्याची सवलत आपल्या उलेमांनी नेहमीच दिली आहे, आणि मोठ्या रुग्णालयांत स्त्री डॉक्टर मागता येते. मागायला लाजू नका. एक साधी सवय लावून घेता येईल. महिन्यातून एकदा, जुम्म्याच्या गुस्लनंतर, उजेडात बसून दोन्ही पाय तळव्यापासून वरपर्यंत पाहावेत. आरशात तोंड उघडून टाळू पाहावी. पाठीसाठी आणि पायांच्या मागच्या बाजूसाठी मियाँने बीवीला सांगावे, बीवीने मियाँला. पाच मिनिटांचे काम.

तोंड उघडले आहे तर खर्ऱ्याचीही गोष्ट काढतो. किडनी बदललेले, कागदावरच्या त्या एका ओळीने रात्रभर न झोपलेले एक गृहस्थ आमच्याशी बोलत होते, आणि बोलता बोलता खिशातून खर्ऱ्याची पन्नी काढून चोळत होते! विदर्भात हे दृश्य नवे नाही. अरे भाई, ज्याचा चौकीदार झोपवलेला आहे, त्याने तोंडात सुपारी-तंबाखू-चुना ठेवायचा? कापोसी सार्कोमा तुम्हाला होण्याची शक्यता नखाएवढी. तोंडाचा कर्करोग मात्र आपल्या गल्लीतल्या कोणाला तरी झालेला आहेच.

आता ती गोष्ट सांगतो जिच्यामुळे हा लेख लिहायला घेतला. शेजारच्या तालुक्यातले एक कुटुंब. नाव-गाव सांगत नाही. नवऱ्याच्या दोन्ही किडन्या गेल्या, बायकोने आपली दिली. नागपुरात ऑपरेशन झाले, चांगले झाले. योजनेतून मोठा आधार मिळाला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा आधी अडीच लाख होती, २०२३ च्या निर्णयाने ती साडेचार लाख झाली. पण ऑपरेशन एका दिवसाचे, गोळ्या जन्माच्या, आणि त्यांचा खर्च महिन्याच्या महिन्याला घरावर येतो. दोन वर्षे सगळे ठीक चालले. मग त्यांच्या मोबाईलवर कोणीतरी एक मजकूर पाठवला की या गोळ्या म्हणजे कॅन्सरचे बी. त्यांनी कोणाला न सांगता आधी मात्रा अर्धी केली. काहीच झाले नाही. अंगात हलके वाटू लागले, हाताची थरथर थांबली, पैसेही वाचू लागले. मग एक दिवसाआड. चौथ्या महिन्यात सकाळी चेहरा सुजलेला दिसला, आणि क्रिएटिनिनचा आकडा पाहून डॉक्टर खुर्चीतून उठले. ती किडनी वाचली नाही. आज ते आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातात. त्यांच्या बायकोला आम्ही भेटलो तेव्हा ती रागावलेली नव्हती. फक्त एवढे म्हणाली, ‘बाजी, दी तो मैंने थी. बंद करते वक्त मुझसे पूछा तक नहीं.’

आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आहेत आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त. त्यामुळे हे वाक्य एका घरापुरते नाही. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने फेब्रुवारी १९८८ मध्ये प्रत्यारोपणाला जी परवानगी दिली, तिच्यात अटी होत्या. देणाऱ्याच्या जीवनाला धोका नको, आणि अवयवाची विक्री नको. म्हणजे ती वस्तू विकत घेतलेली नसते, दिलेली असते. अमानत म्हणा. गोळी कमी करायची की नाही, हा निर्णय घेताना जिच्या कुशीवर टाक्यांचा वण आहे तिला खोलीबाहेर ठेवता येणार नाही.

यावर एक चतुर प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. डाग खरोखर कापोसीचा निघाला तर डॉक्टर काय करतात? तर तेही आधी औषध कमीच करतात! मग त्या गृहस्थाचे काय चुकले? फरक असा की डॉक्टर एका वेळी थोडे कमी करतात, दर थोड्या दिवसांनी क्रिएटिनिन आणि औषधाची रक्तातली मात्रा पाहतात, आणि कोणते औषध कमी करायचे हे निवडतात. चौकीदाराला इतकेच जागे करायचे की त्याने डागाकडे पाहावे, किडनीकडे नको. ही तार हातात रक्ताच्या अहवालाशिवाय धरता येत नाही.

शिवाय आता एक वेगळा रस्ताही आहे. प्रशांत महासागरातल्या रापा नुई बेटावर १९६४ मध्ये एक कॅनडियन मोहीम गेली आणि मातीचे नमुने घेऊन आली. त्या मातीतल्या जिवाणूपासून मॉन्ट्रियलच्या प्रयोगशाळेत एक द्रव्य वेगळे काढले गेले, बेटाच्या नावावरून त्याला रापामायसिन म्हटले. ते काढणारे डॉ. सुरेंद्रनाथ सेहगल. जन्म १९३२ चा, खुशाबचा, जे आज पाकिस्तानात आहे. शिक्षण बनारसचे. १९८३ च्या सुमारास कंपनीने ते काम गुंडाळले, सेहगलांची बदली अमेरिकेत झाली, आणि नमुने फेकून द्यायचे ठरले. या माणसाने काही बाटल्या घरच्या फ्रीजरमध्ये ठेवून सोबत नेल्या. काही वर्षांनी काम पुन्हा सुरू झाले ते त्या बाटल्यांमुळे. १९९९ मध्ये किडनी बदललेल्यांसाठी या औषधाला अमेरिकेत परवानगी मिळाली, सिरोलिमस नावाने. सेहगल २००३ मध्ये कर्करोगानेच गेले.

सिरोलिमसचा गुण असा की ते किडनीचे रक्षण करते आणि त्याच वेळी काही गाठींची वाढही रोखते. इटलीतल्या बारी शहरातल्या डॉक्टरांनी २००५ मध्ये १५ रोग्यांचा अनुभव प्रसिद्ध केला. सगळे किडनी बदललेले, सगळ्यांना त्वचेवर कापोसी सार्कोमा. त्यांचे सायक्लोस्पोरिन बंद करून सिरोलिमस दिले. तीन महिन्यांत सर्वांच्या त्वचेवरचे डाग गेले, आणि किडनी कोणाची गेली नाही. प्रत्येकाला असेच यश येते असे नाही. आजार फुप्फुसात, आतड्यात पसरला असेल तर केमोथेरपी लागते, आणि सिरोलिमसचे स्वतःचे त्रास आहेतच. जखम भरायला वेळ लागतो, चरबी वाढते, लघवीतून प्रथिने जातात. सगळ्यांना सरसकट तेच का देत नाहीत, याचे उत्तर यात आहे. पण डाग लवकर दाखवला तर बरेचदा औषध बदलूनच भागते, हे लक्षात ठेवण्यासारखे.

त्याआधी निदान. त्यासाठी डागाचा तुकडा काढून तपासावा लागतो. इथे पुन्हा एक जुनी भीती आडवी येते, ‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो.’ कापोसीच्या डागाचा छोटा तुकडा काढल्याने तो पसरत नाही. न काढल्याने मात्र गजकर्णाचे मलम चालू राहते.

अहवालात नाव आले की तिसरी भीती, आणि ही सर्वांत वाईट. घरातले कोणी मोबाईलवर ‘कापोसी’ टाकून शोधते आणि पहिल्याच ओळीत एड्स दिसतो. त्याला कारण आहे. १९८१ मध्ये अमेरिकेत तरुण पुरुषांत हा दुर्मीळ आजार अचानक दिसू लागला, आणि एड्सची जगाला चाहूल लागली ती अशा रोग्यांवरून. एड्समध्ये विषाणू चौकीदाराला मारतो, इथे गोळी त्याला झोपवते. दोन्हीकडे दार उघडे राहते, म्हणून तोच चोर शिरतो. पण गोळी घेणाऱ्याला कापोसी झाला याचा अर्थ त्याला एड्स आहे असा होत नाही, आणि त्याच्या चारित्र्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. डॉक्टर एचआयव्हीची तपासणी करून घेतील, ती नेहमीची तपासणी आहे, तिचा भलता अर्थ लावू नये. असल्या संशयाने मोडलेली घरे आम्ही पाहिली आहेत, आजार दुसरा होता एवढेच. बायकोने दिलेली किडनी पोटात आणि तिच्याच मनात नवऱ्याबद्दल किंतु, यापेक्षा वाईट काय असेल? रोग्याचे ताट-पेला वेगळे करण्याची गरज नाही. कर्करोग ताटातून लागत नाही.

प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या संधिवात, ल्युपस, लहान मुलांचा अंगावर सूज येणारा किडनीचा आजार, अशा इतरही दुखण्यांत देतात. त्यांची मात्रा आणि मुदत सहसा वेगळी असते, औषधे पुष्कळदा एकच असते, म्हणून धोकाही किडनी बदललेल्यांइतका नसतो. त्या घरांनी हा लेख वाचून घाबरू नये. गोळी आपणहून बंद करू नये, हे मात्र त्यांनाही लागू. स्टिरॉइड एकदम बंद केल्याने जिवावर बेतू शकते.

रमजानबद्दल विचारणा होते. टॅक्रोलिमस साधारण दर बारा तासांनी घ्यायचे असते. आपल्याकडे सहरी संपल्यापासून इफ्तारपर्यंत हिवाळ्यात बारा तासांच्या आसपास होतात, भर उन्हाळ्यात चौदाच्या वर. किडनी नीट चालत असेल, काही वर्षे झाली असतील, तर काही रोग्यांना डॉक्टर रोजे ठेवू देतात आणि गोळ्यांच्या वेळा बांधून देतात. पहिल्या वर्षात सहसा नकोच म्हणतात. म्हणून शाबान लागण्याआधीच, रजबमध्ये, डॉक्टरांना भेटावे. रक्ताची तपासणी करून वेळा लिहून घ्याव्यात. त्यांनी नको म्हटले तर बीमाराला रोजा सोडण्याची सवलत खुद्द कुरआनने दिली आहे. बरे होण्याची आशा नसलेल्या आजारात फिदया आहे, त्याची रक्कम आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना विचारावी. दिवसा पाण्याबरोबर घेतलेली ती गोळी मुलांसमोर लपवून घेऊ नये. अब्बा रोज्यात का नाहीत, हे मुलांना सांगितले तर त्यांना समजते.